तिथीची पाऊणपट

(१९८७ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा मला फोन आला, "तू ते पतंगाचं काहीतरी करतेस ना समुद्रात, त्यावर पंधरा मिनिटं बोल. जेवणाआधी जरा करमणूक होईल." मी हो म्हटलं. त्यामुळे सुरुवात करमणुकीनेच करते. शेवट मात्र तसा होईल असं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आपल्या ग्रुपवर मी पहिला फोटो टाकला तेव्हा मला पन्नास पूर्ण झाली होती. पायाखाली फळी, कमरेला पट्टा, हातात दांडा आणि वर आकाशात केशरी पतंग. त्यावर पहिली प्रतिक्रिया आली ती अशी: "गे, ह्या वयात हाडां मोडून घेतलंस तर बघतलो कोण?" लिहिणारा इथेच तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याला सांगते, हाडं अजून शाबूत आहेत. पण त्याचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. त्याचं उत्तर पुढे येईल.

आधी हा खेळ काय आहे ते सांगते. याला काईटसर्फिंग म्हणतात. हा संक्रांतीचा कागदी पतंग नव्हे. माझा पतंग नऊ चौरस मीटरचा आहे, म्हणजे आपल्याकडच्या एका लहान खोलीएवढा. त्याच्या पुढच्या कडेला जाड नळी असते, तिच्यात पंपाने हवा भरायची. त्यामुळे तो पाण्यात पडला तरी बुडत नाही आणि पुन्हा उडवता येतो. ही युक्ती फ्रान्समधल्या लगेन्यू आडनावाच्या दोन भावांची. त्यांनी १९८४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. म्हणजे आपण आठवीत बाकावर नावं कोरत होतो तेव्हा. पुढे हा खेळ इतका वाढला की २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पतंगाच्या शर्यती झाल्या, मार्सेच्या समुद्रात. साधं सर्फिंग, म्हणजे नुसत्या फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत येणं, ते त्याआधी टोकियोपासूनच ऑलिंपिकमध्ये आहे.

पतंगाच्या दोऱ्या वीस-बावीस मीटर लांब. त्या हातातल्या दांड्याला बांधलेल्या असतात, पण सगळा भार हातावर येत नाही. तो कमरेच्या पट्ट्याच्या आकड्यावर येतो. शिकवताना घड्याळ डोळ्यांपुढे आणायला सांगतात. वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं. डोक्यावर बारा, डावीकडे नऊ, उजवीकडे तीन. पतंग बारावर असला की शांत. तो झपकन खाली, समोरच्या भागात आला की असा हिसका बसतो की माणूस वाळूतून फरफटत जातो. मी गेले आहे. पहिला आठवडा किनाऱ्यावर एक लहान पतंग नुसता उडवायचा. मग पाण्यात फळीशिवाय, पतंगाच्या ओढीने अंग ओढत न्यायचं. आणि मग फळी. तरुण मुलं दहा-बारा तासांच्या शिकवणीत उभी राहतात. मला त्याच्या दुप्पट लागले, आणि माझ्या शिक्षकाचं वय माझ्या मुलाएवढं होतं. तो मला "आंटी" म्हणायचा, पण ओरडताना आमच्या पीटीच्या सरांची आठवण करून द्यायचा.

हे मी शिकले मोरजीला. गोव्यात पेडणे तालुक्यात, शापोरा नदी जिथे समुद्राला मिळते तिथे. ही नदी तुम्हाला परकी नाही. आपल्या दोडामार्गातली तिळारीच खाली गोव्यात उतरते आणि शापोरा होते. मुखाच्या दक्षिणेला टेकडीवर शापोऱ्याचा किल्ला, उत्तरेला मोरजीचा लांब वाळूचा किनारा, आणि मध्ये नदीने आणून टाकलेल्या वाळूचे दांडे. हे दांडे दर पावसाळ्यात जागा बदलतात. मागच्या वर्षी जिथे गुडघाभर पाणी होतं तिथे यंदा माणूस बुडेल. लाट तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीच्या पाण्यात आली की मोडते. त्यामुळे दांडा जिथे, तिथे फेस. म्हणून तिथल्या शिकलेल्या माणसाला किनाऱ्यावर उभं राहून पांढऱ्या रेषांवरून पाण्याखालचा नकाशा वाचता येतो.

आता भूगोलाच्या सरांना आनंद होईल असं एक सांगते. सर पहिल्या रांगेत आहेत. सर, तुम्ही आठवीत आम्हाला खारे वारे आणि मतलई वारे शिकवलेत. दिवसा जमीन तापते, म्हणून समुद्रावरून वारा येतो तो खारा. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून जमिनीवरून वारा समुद्राकडे जातो तो मतलई. आम्ही ते पाच गुणांसाठी पाठ केलं. मोरजीला मात्र सगळं वेळापत्रक त्या दोन शब्दांवर चालतं. हिवाळ्याच्या सकाळी मतलई वारा असतो. तो येणाऱ्या लाटेला समोरून हलकेच थोपवतो, लाट नीट उभी राहते, पाणी गुळगुळीत असतं. ती वेळ फळीवाल्यांची. पतंगवाल्यांनी तेव्हा हात लावायचा नाही, कारण जमिनीवरून वाहणारा वारा माणसाला सरळ समुद्रात घेऊन जातो. मग दुपारी एकच्या सुमारास वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. फेब्रुवारी ते मे या महिन्यांत तो चांगला जोर धरतो आणि सूर्य कलला की पडतो. ती वेळ आमची. जूनपासून अर्थातच सगळं बंद. पावसाळ्यातला समुद्र खेळायचा नसतो, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

आणि जाता जाता, तिथे तेंब नावाचा भाग आहे, मुखाजवळ. थंडीत तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी, पिल्लं निघायला दीड-दोन महिने. वनखात्याची माणसं कुंपण घालून राखण करतात. तिथे आम्ही पतंग उतरवत नाही आणि अंधार पडल्यावर किनाऱ्यावर दिवे घेऊन हिंडत नाही. जागा त्यांची आहे, आपण पाहुणे.

इथवर करमणूक. आता मूळ गोष्ट.

शिकून वर्ष झालं होतं. पाडव्याच्या आदल्या दिवशी मी बँकेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली आणि दोनला पाण्यात उतरले. वारा छान होता. माझा शिक्षक त्या दिवशी नव्हता आणि मला त्याची गरज नाही असं मला वाटत होतं. वायव्येचा वारा माणसाला हळूहळू दक्षिणेकडे, म्हणजे नदीच्या मुखाकडे सरकवतो. चांगला खेळाडू तिरकं कापत पुन्हा वाऱ्याच्या दिशेला वर येतो. मी तेवढी चांगली नव्हते. दर फेरीत दहा-पंधरा मीटर खाली जात होते आणि ते माझ्या लक्षात येत नव्हतं. लक्षात आलं तेव्हा मी मुखाशी होते, आणि पाणी माझ्या पायाखालून समुद्राकडे धावत होतं. किनाऱ्यावरच्या पाण्यासारखं पुढे-मागे नाही, नुसतं पुढे. बाहेर जाणारं पाणी आणि समोरून येणारा वारा यांची गाठ पडली की लाटा आखूड आणि उभ्या होतात. तशाच एका लाटेने मला पाडलं. पतंग पाण्यात आपटला, दोरी त्याच्या टोकाला गुंडाळली गेली, आणि तो काही केल्या उठेना.

मी काय केलं? जे कुणीही करेल तेच. मोरजीचा किनारा समोर दिसत होता, मी सरळ त्याच्याकडे पोहायला लागले. पाच मिनिटं पोहले. मान वर केली तर किनारा लांब गेला होता. अजून पोहले. आणखी लांब. दम संपला, खारं पाणी नाकात गेलं, आणि खरं सांगते, मला त्या क्षणी घरचं कुणी आठवलं नाही. मला आपला वर्ग आठवला. खिडकीकडची तिसरी रांग. रिकामा बाक.

त्याचं नाव मी इथे घेणार नाही. घ्यायची गरजही नाही. नववीची परीक्षा संपल्यावर मे महिन्यात आपल्या खाडीच्या तोंडाशी तो गेला. वर्गातला सगळ्यात चांगला पोहणारा. त्यानंतर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. शाळेची किनाऱ्यावरची सहल बंद झाली, ती आजतागायत. गावात म्हणायला लागले, खाडी दर वर्षी एक घेते. आम्हा मुलींना तर आधीपासूनच विहिरीत उतरायला बंदी होती. मुलगे पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकायचे, आम्ही काठावर बसून बघायचो. आता मुलग्यांनाही बंदी झाली. खाडीपासून पाचशे पावलांवर असलेल्या शाळेतली आमची तुकडी पाण्याकडे पाठ करून मोठी झाली. मी पोहायला शिकले ते एकोणपन्नासाव्या वर्षी, म्हापशाहून तासभर गाडी चालवत तलावावर जाऊन, आणि तेही नवऱ्याला पहिले तीन महिने न सांगता.

तर त्या पाण्यात मला तो बाक आठवला, आणि पाठोपाठ फळ्यावरचं एक वाक्य आठवलं. सर, तुम्ही ते भरती-ओहोटीच्या धड्यात पुस्तकाबाहेरचं म्हणून लिहून दिलं होतंत: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ.

ज्यांना आठवत नाही त्यांच्यासाठी सांगते. शुद्ध पक्ष असो की वद्य, तिथीचा आकडा घ्या, तीनने गुणा, चाराने भागा. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. हा ठोकताळा आहे, ठिकाणानुसार थोडं मागेपुढे होतं, पण आपल्या किनाऱ्यावर तो कामाला येतो.

मी हात-पाय मारायचं थांबवलं आणि हिशोब केला. उद्या पाडवा. म्हणजे आज अमावास्या. भरती सव्वाअकराला होऊन गेली. आता तीन वाजत आले असतील. म्हणजे ओहोटीचा चौथा तास. पाणी सुकायला साधारण सहा तास लागतात, पण ते सारख्या वेगाने सुकत नाही. एकूण उतरणाऱ्या पाण्याचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी बाहेर पडतं. त्यात अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, म्हणजे मुळात उतरणारं पाणीच जास्त. आणि हे सगळं एका अरुंद तोंडातून. मी नेमक्या त्या तासात, नेमक्या त्या तोंडात, त्याच्याशी भांडत होते.

हिशोब झाल्यावर भीती गेली असं नाही. पण तिला आकार आला. हे पाणी मला कायमचं नेणार नाही, हे कळलं. मुखाबाहेर ते पसरेल आणि त्याचा जोर ओसरेल. चार वाजल्यानंतर आणखी कमी होईल. वारा तर किनाऱ्याकडेच वाहतोय. मला फक्त तरंगत राहायचं आहे. मग शिकवल्याप्रमाणे दोऱ्या दांड्यावर गुंडाळत गुंडाळत पतंगापर्यंत गेले, त्याची हवेने भरलेली कड काखेत धरली आणि तिच्यावर पडून राहिले. दांड्यावरच्या मोडत्या लाटा ओलांडून बाहेर गेले, आणि खरंच, तिथे ओढ मंदावली. मी हळूहळू किल्ल्याच्या बाजूला सरकायला लागले. त्या बाजूला खडक आहेत, ती नवी काळजी होतीच. पण तेवढ्यात शापोऱ्याच्या जेटीवरची एक होडी जाळं घेऊन निघाली होती, तिने मला पाहिलं.

होडीत दोघे होते, बाप आणि मुलगा. त्यांनी मला वर घेतलं, पतंग घेतला, प्यायला पाणी दिलं. बाप माझ्याच वयाचा असेल. ओरडला नाही, उपदेश केला नाही. त्याने एवढंच विचारलं, "बाये, आज अवस न्हय?"

मंडळी, त्या माणसाला बारा भागांचा हिशोब कुणी फळ्यावर शिकवला नव्हता. पण त्याला ठाऊक होतं. आणि मला फळ्यावर शिकवलेलं होतं, शंभरापैकी पंच्याऐंशी गुण होते भूगोलात, आणि मी कॅलेंडर न बघता पाण्यात उतरले होते.

घरी आल्यावर मी एक गोष्ट केली. १९८६ सालचं पंचांग शोधलं. आमच्या वडिलांनी सगळी जपून ठेवली होती. तो गेला त्या दिवशी पौर्णिमा होती. वेळ दुपारी दोनची, हे आपल्या सगळ्यांना आठवतंय, कारण दोनची एसटी नुकतीच गेली होती. सव्वाअकराला भरती. दोन म्हणजे ओहोटीचा तिसरा तास.

मी बराच वेळ ते पान उघडं ठेवून बसले होते. खाडी दर वर्षी एक घेते, हे खोटं आहे. खाडी कुणाला घेत नाही. अष्टमीच्या दुपारी तो तिथेच पोहला असता तर येणाऱ्या भरतीने त्याला आत, गावाकडे ढकललं असतं. ज्या तासात त्या तोंडाशी जायचं नाही, तो तास आधीच ठरलेला होता, आणि तो काढायला तिसरीतलं गणित पुरलं असतं.

सर, त्या वर्षानंतर तुम्ही भरती-ओहोटीचा धडा पुस्तकातून वाचून दाखवायला लागलात, पुस्तकाबाहेरचं सांगायचं सोडलंत, असं आपल्या नंतरच्या तुकडीची मुलं सांगतात. तुमच्या मनात काय असेल याचा अंदाज मला या वयात येतो. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगते. तुमचा धडा कमी पडला नव्हता. आम्ही तो परीक्षेपुरता ठेवला होता. छत्तीस वर्षांनी तो एका विद्यार्थिनीला कामाला आला आणि म्हणून ती आज इथे उभी आहे.

आता माझी मागणी. आपण सगळ्यांनी मिळून शाळेला देणगी द्यायची ठरवलं आहे. प्रवेशद्वाराला कमान बांधायची कल्पना पुढे आली आहे. कमानीला माझा विरोध नाही. पण त्यातला काही भाग दोन गोष्टींसाठी बाजूला काढावा अशी माझी विनंती आहे. पहिली, शाळेच्या व्हरांड्यात एक फळा. त्यावर रोज प्रार्थनेनंतर एका मुलाने किंवा मुलीने आजची तिथी, भरतीची वेळ आणि ओहोटीची वेळ लिहायची. उधाण असेल तर लाल खडूने. खर्च जवळजवळ शून्य. दुसरी, आठवीच्या सगळ्या मुलांना, आणि "सगळ्या"मध्ये मुली आल्या, पोहणं शिकवायची व्यवस्था. आधी तलावात. मग जाणत्या माणसांबरोबर, भांगाच्या दिवशी, येत्या भरतीला, खाडीच्या शांत भागात. शिकवायला बाहेरून कुणी आणायची गरज नाही. मासेमारी करणारे आपले वर्गमित्र इथे बसले आहेत, त्यांना आपण कधी शाळेत शिकवायला बोलावलं नाही. आता बोलावू या. मी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी म्हापशाहून येईन. हा शब्द मी लेखी दिला आहे, म्हणजे नंतर टाळता येणार नाही.

मुलांनी पतंग बांधून समुद्रात उडावं असं मी म्हणत नाही. तो महागडा हट्ट आहे, माझा आहे. पण ज्या गावात शेवटच्या घराच्या पायरीला उधाणाचं पाणी लागतं, त्या गावातल्या मुलाला पाण्याची भीती घालून आपण त्याला वाचवत नाही. ते कधीतरी जाणारच तिकडे. आपण सगळे गेलो होतो.

आणि तिसऱ्या रांगेतल्या माझ्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. बघतलो कोण? त्या दिवशी शापोऱ्याच्या होडीने बघितलं. पुढच्या वेळी पाण्यात उतरण्याआधी मी कॅलेंडर बघितलं. तेव्हापासून न चुकता बघते.

आज वद्य अष्टमी आहे. सहाची भरती. जेवणं आटोपली की चारच्या सुमारास आपण सगळे खाडीवर जाऊ या का? पाणी चढतं असेल, उथळ असेल, शांत असेल. पाय बुडवून येऊ. सर, तुम्हाला खुर्ची आम्ही नेऊ.